बिगरपासिंगची ई-स्कूटर आणि एटीव्ही: रस्त्यावर नक्की काय चालतं?

प्रश्न थोडक्यात असा: "दापोली तालुक्यात आमचं छोटं कृषी पर्यटन केंद्र आहे. मुलगी नववीत आहे, शाळा पाच किलोमीटरवर आणि मधे चढ. दुकानदार २५० वॅटची ई-स्कूटर दाखवतो, लायसन्स-पासिंग काही नको म्हणतो. चढाला कमी पडली तर एक वायर काढून देतो, मग ४५ ने पळेल, असंही सांगतो. शिवाय केंद्रावर पर्यटकांसाठी एटीव्ही, म्हणजे मातीत चालवायची चार चाकांची उघडी गाडी, घेतली आहे. ती वाडीच्या रस्त्याने समुद्रापर्यंत नेली तर चालेल का? दोन्ही गाड्या लहानच आहेत."

आधी तो 'लहान' शब्द बाजूला ठेवू, कारण निम्मा घोटाळा त्यानेच होतो. कायद्यात लहान गाडी असा वर्ग नाही. तिथे दोनच गोष्टी पाहिल्या जातात: ही वस्तू मोटार वाहन आहे का, आणि ती जिथे चालते ती जागा सार्वजनिक आहे का. दोन्हींचं उत्तर 'हो' आलं की लायसन्स, नोंदणी आणि विमा तिन्ही एकदम लागू होतात. अर्धं पासिंग नावाचा प्रकार नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २(२८) प्रमाणे रस्त्यावर वापरता येईल असं, यंत्राच्या जोरावर चालणारं कोणतंही वाहन हे मोटार वाहन. त्यातून मोजकीच वगळली आहेत: रुळांवरची, फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी खास बनवलेली, आणि चारपेक्षा कमी चाकांची व २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाची. हा २५ चा आकडा नीट लक्षात ठेवा. बाजारात मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या छोट्या पेट्रोल बाइक बहुतेक ४९ सीसीच्या असतात, आणि "पन्नासच्या आत आहे, काही लागत नाही" असं सांगून त्या विकल्या जातात. पन्नास सीसीचा संबंध फक्त वयाशी आहे. तेवढ्या इंजिनाच्या दुचाकीचं लायसन्स १६ व्या वर्षी मिळू शकतं, पण लायसन्स आणि नोंदणी दोन्ही लागतातच.

बॅटरीच्या गाड्यांची सवलत वेगळ्या ठिकाणी आहे: केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम २(यू). मोटरची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा, म्हणजे २५० वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत, योग्य ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर. पेडल मारायची ई-सायकल असेल तर वेग २५ कडे जाईल तशी मोटरची मदत कमी होत बंद झाली पाहिजे, आणि पेडल थांबवलं की त्याआधीही. या अटी नियम १२६ मधल्या एखाद्या चाचणी संस्थेने तपासून मान्य केल्या असतील, तरच ती गाडी मोटार वाहन धरली जात नाही. पुण्यातल्या एआरएआय आणि सीआयआरटी, अहिल्यानगरची व्हीआरडीई, मानेसरची आयकॅट या त्यातल्या संस्था.

म्हणजे ही सवलत तपासलेल्या मॉडेलला, तपासलं त्याच रूपात मिळते. दुकानातली गाडी तशी दिसते, तिच्यावर '२५० डब्ल्यू' असं स्टिकर आहे, एवढ्याने ती मिळत नाही. नोंदणी, तपासणी आणि अपघाताच्या दाव्यांच्या कामात जी भांडणं येतात, त्यातली बहुतेक याच एका फरकापाशी अडलेली असतात.

म्हणून दुकानात पहिली मागणी चाचणी प्रमाणपत्राच्या प्रतीची करा. अनेकदा त्या जागी भलतेच कागद पुढे येतात: कंपनीचं आयएसओ प्रमाणपत्र, बॅटरीचा किंवा चार्जरचा चाचणी अहवाल, नाहीतर त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलचा कागद. प्रमाणपत्रावरचं मॉडेल आणि व्हेरिएंटचं नाव बिलावरच्या नावाशी अक्षरश: जुळलं पाहिजे. ४८ व्होल्टच्या बॅटरीवर चाचणी झालेली गाडी दुकानदार ६० व्होल्टची बॅटरी टाकून देत असेल, तर तो कागद तुमच्या गाडीचा नाही. बिलावर मॉडेल, चासी नंबर, मोटर नंबर आणि मोटरची शक्ती लिहून घ्या.

मग गाडीकडे वळा. मागच्या चाकातल्या हब मोटरवर कोरलेले आकडे वाचा. मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या डबीवर, म्हणजे कंट्रोलरवर, व्होल्ट आणि कमाल अँपिअर छापलेले असतात, त्यांचा गुणाकार करा. ४८ व्होल्ट आणि १५ अँपिअर म्हणजे ७२० वॅट. एवढ्यावरून लगेच बेकायदा म्हणू नका, कारण नियमातली शक्ती तीस मिनिटं सलग देता येणारी आहे, क्षणिक जोर त्याहून जास्त असू शकतो. पण ६० व्होल्ट आणि २५ अँपिअर, म्हणजे १,५०० वॅट दिसत असतील आणि स्टिकर २५० चं असेल, तर थेट प्रश्न विचारा. शेवटी सपाट रस्त्यावर मोबाइलच्या जीपीएसवर वेग पाहा, दोन्ही दिशांनी, पूर्ण चार्ज बॅटरीवर. स्टँडवर चाक फिरवून दिसणारा वेग यासाठी कामाचा नाही, कारण चाकावर भार नसतो. तीन वेगांचं बटण असेल तर तिसऱ्यावर ठेवून पाहा. अटीत कमाल वेग आहे, रोज वापरायचा वेग नाही.

आता तुमचा चढ. इथे कायद्याइतकंच गणितही महत्त्वाचं आहे, आणि दुकानदार ते कधी सांगत नाही. स्कूटर ६० किलो, लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या साधारण ३० किलो, मुलगी ४५ किलोची धरली तर एकूण १३५. शंभर मीटरला सहा मीटर चढणारा रस्ता धरा. एवढं वजन वर ओढायला आणि टायरचं घर्षण भागवायला सुमारे ९५ न्यूटन जोर लागतो. २५० वॅटमध्ये त्या जोराने ताशी साडेनऊ किलोमीटर मिळतात. मोटर थोडा वेळ जास्त जोर देईल, पण चढ किलोमीटरभर असेल तर तापेल आणि वेग तिथेच येईल. तुम्ही स्वतः बसलात तर सात-आठ.

वायर काढून हे सुटत नाही. कंट्रोलरमधून बाहेर आलेली ती वायरची जोडी सोडवली की सपाट रस्त्यावरची वेगाची मर्यादा उठते, एवढंच. चढावर गाडी त्या मर्यादेपर्यंत मुळात पोचतच नसते, त्यामुळे चढाला काडीचा फायदा नाही. फायदा, म्हणजे खरं तर धोका, उताराला आणि सपाटीला आहे. वेग २५ वरून ४५ झाला की थांबवायची ऊर्जा सव्वातीनपट होते, ब्रेक मात्र तेच छोटे ड्रम राहतात. २५ च्या वेगात, एक सेकंद भान यायला धरून, गाडी सुमारे १३ मीटरमध्ये थांबते. ४५ ला तेवढ्याच ब्रेकवर ३२ मीटर लागतात, आणि तेही ब्रेक तापून ढिले पडले नाहीत तर. लाल मातीच्या, पावसाळ्यात शेवाळलेल्या उतारावर याचा अर्थ काय, ते दापोलीकरांना वेगळं सांगायला नको. दुसरीकडे बॅटरीतून ओढला जाणारा करंट वाढतो. वायरचे जोड आणि कनेक्टर त्यासाठी बनवलेले नसतात, आधी ते काळे पडतात, मग वितळतात. चार्जिंगच्या वेळी आग लागण्याची एक सुरुवात इथूनही होते. महाराष्ट्रात परिवहन विभागाने २०२२ मध्ये अशा फेरफार केलेल्या ई-बाइकविरुद्ध खास तपासणी मोहीम काढली होती, ती याच काळजीपोटी.

आणि कायद्याच्या बाजूने त्या वायरची किंमत पाहा. वेगाची अट मोडली की सवलत गेली, गाडी मोटार वाहन झाली. मग लायसन्स नाही म्हणून कलम १८१ खाली ५,००० रुपये. नोंदणी नाही म्हणून कलम १९२ खाली पहिल्या वेळी २,००० ते ५,०००. विमा नाही म्हणून कलम १९६ खाली २,००० किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कलम २०७ खाली गाडी जागेवर अडकवून ठेवता येते. हे केंद्रीय कायद्यातले आकडे आहेत. जागेवर भरायची तडजोडीची रक्कम राज्य ठरवतं, ती वेगळी असू शकते. पण तुमच्या बाबतीत यातलं काहीच सर्वात जड नाही. सर्वात जड कलम १९९अ आहे. अल्पवयीन मुलाने मोटार वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालक जबाबदार: तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. माहीत नव्हतं किंवा योग्य ती काळजी घेतली होती, हे पालकाने सिद्ध करायचं असतं. तुमच्या सांगण्यावरून वायर काढली असेल तर तुमच्या हातात ते सिद्ध करायला काहीच उरत नाही.

वायर न काढलेली, खरी मान्यताप्राप्त गाडी मुलीला चालवता येईल का? कायद्याने येईल. ती सायकलसारखी धरली जाते, किमान वय ठरवलेलं नाही, हेल्मेटची सक्तीही मोटारसायकलला आहे. बाकी मात्र परिस्थितीवर आहे. रस्ता किती रुंद, वाळूचे डंपर आणि एसटी किती, वळणं किती आंधळी, आणि मुलगी बॅटरीसह नव्वद किलोची गाडी एकटी स्टँडवर लावू शकते का. शेवटची गोष्ट जमत नसेल तर कलंडणारी गाडीही तिला सावरता येणार नाही. हेल्मेट सक्ती नसली तरी घ्याच, आणि आयएस ४१५१ या हेल्मेटच्या भारतीय मानकाच्या चिन्हाचंच घ्या. मैत्रिणीला मागे बसवायचं नाही हे पहिल्या दिवशीच ठरवा. २५० वॅटच्या गाडीला दोघींचं वजन चढावर झेपत नाही आणि उतारावर ब्रेकना आवरत नाही.

माझा स्पष्ट कल मात्र पेडल असिस्ट ई-सायकलकडे आहे. तेच गणित पुन्हा करा: सायकल २५ किलो, मुलगी ४५, दप्तर सहा, एकूण ७६. मोटरचे २५० वॅट आणि तिच्या पायांचे ऐंशी धरले तर त्याच चढावर वाऱ्याचा रोध वजा जाऊन ताशी १८-१९ किलोमीटर मिळतात. स्कूटरच्या दुप्पट, अगदी त्याच नियमात राहून. पडली तर उचलता येते, बॅटरी संपली तर घरी परतता येते. घेताना गिअरची घ्या आणि दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक बघा. घरच्या सायकलला ३५० किंवा ५०० वॅटचं किट बसवणं हा यावरचा उपाय नव्हे. मोटर मर्यादेबाहेरची आणि तयार झालेल्या वाहनाची चाचणी झालेली नाही, दोन्हीकडून सवलत हुकते. परदेशातल्या नातेवाइकाने आणलेली उभ्याने चालवायची स्कूटरही तशीच. जर्मनीत तिला तिथल्या २०१९ च्या नियमाने मान्यता आणि विम्याचं स्टिकर असेल, पण ती मान्यता इथे चालत नाही. आपल्याकडे अशा स्कूटरसाठी वेगळा वर्गच नाही, तिलाही नियम २(यू) ची चाचणी पार केलेली असावी लागते.

सवलतीच्या गाडीबद्दल अजून एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. सवलत मोटार वाहन कायद्यातून आहे, जबाबदारीतून नाही. बेदरकार चालवण्याचं भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ सार्वजनिक रस्त्यावरच्या कोणत्याही वाहनाला लागतं, सायकललाही. आणि गाडीला सक्तीचा विमा नसल्यामुळे कोणा आजीला धडक बसून पाय मोडला, तर भरपाई द्यायला विमा कंपनी नसते, घरच असतं. घराच्या किंवा वैयक्तिक पॉलिसीत तृतीय पक्षाच्या दायित्वाचं कलम मिळतं का ते एजंटला विचारा, तो खर्च वाया जात नाही. द्रुतगती मार्ग, समृद्धी, अटल सेतू इथे दुचाकींनाच बंदी आहे. सवलतीची गाडी त्यातून सुटत नाही.

आता एटीव्ही. वाडीच्या रस्त्याने नेऊ नका. पाचशे मीटर असो वा पन्नास.

ती चार चाकांची आहे, त्यामुळे २५ सीसीची सवलत तिला लागतच नाही, आणि बॅटरीची असली तरी शक्ती आणि वजन दोन्हींत ती २(यू) च्या बाहेर आहे. लाइट, इंडिकेटर, हॉर्न बसवून पासिंग होईल असं कोणी सांगेल. होणार नाही. आरटीओत नोंदणीसाठी फॉर्म २० चा अर्ज, विक्रेत्याचा फॉर्म २१ आणि उत्पादकाचा फॉर्म २२ लागतो. फॉर्म २२ उत्पादक तेव्हाच देऊ शकतो जेव्हा त्या मॉडेलला रस्त्यासाठी मान्यता असते. मान्यता नाही तर फॉर्म नाही, आणि वाहन पोर्टलवर ते मॉडेल निवडायलाच मिळत नाही. एखाद्या कंपनीने विशिष्ट मॉडेल शेतीच्या ट्रॅक्टरच्या वर्गात मान्य करून घेतलेलं असू शकतं. ते हवं असेल तर खरेदीआधी मान्यता मागा, नंतर मिळवता येत नाही. मातीतल्या मोटारसायकलींचंही हेच आहे, आणि नावं फसवतात: कावासाकीची केएलएक्स २३० पासिंग होते, जवळपास त्याच नावाची केएलएक्स २३० आरएस फक्त ट्रॅकसाठी आहे.

कायद्याला यामागे कारण आहे. बऱ्याच एटीव्हींच्या मागच्या अ‍ॅक्सलला डिफरन्शिअल, म्हणजे वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा भाग, नसतो. मागची दोन्ही चाकं एकाच गतीने फिरतात. मातीत वळताना आतलं चाक घसरतं आणि काम भागतं. डांबरावर ते घसरत नाही, म्हणून गाडी वळायला नाखूश असते. चालक हँडल जास्त वळवतो, आणि मग ती अचानक उलटते. टायरमध्ये हवा चार ते सात पीएसआय असते, त्यामुळे वेगात गाडी डोलते. कित्येक एटीव्हींच्या टायरवर हमरस्त्यासाठी नाही असं छापलेलंच असतं. एकदा वाकून पाहा.

"आमच्या आवारात तरी चालेल ना?" असं तुम्ही पुढे विचाराल. इथे जपून. आवार बंदिस्त असेल तर नोंदणी आणि करापुरती बाजू तुमच्याकडे झुकते. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या आतल्या, ये-जा नियंत्रित असलेल्या आवारातच चालणाऱ्या वाहनांवर कर लावता येत नाही असं ठरवलं. पण अपघाताच्या भरपाईत 'सार्वजनिक जागा' फार रुंद वाचली जाते. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने पूर्वीच म्हटलं आहे की खासगी मालकीची जागाही, लोकांना तिथे परवानगीने किंवा नियंत्रित प्रवेश असेल तर, त्यात येते. तिकीट काढून पर्यटक आत येतात ते तुमचं केंद्र याच वर्णनात बसू शकतं. कराला खासगी आणि जखमी पर्यटकाच्या दाव्याला सार्वजनिक, अशा दोन्ही बाजू एकाच आवाराला लागू शकतात, आणि दावा हा त्यातला मोठा आकडा असतो.

म्हणून कुंपण आणि फाटक पक्कं करा, एटीव्हीचा मार्ग पायवाटेपासून वेगळा आखा, एका गाडीवर एकच माणूस, आणि लहान मुलांना मोठी गाडी नको. सार्वजनिक दायित्व विमा घ्या, पण पॉलिसीत एटीव्हीचं नाव लेखी आहे का आणि ऑफ-रोड वापर वगळलेला नाही ना, हे वाचूनच हप्ता भरा. पर्यटकाकडून सही घेतलेला 'जबाबदारी माझी' हा कागद निष्काळजीपणाच्या दाव्यातून वाचवत नाही, त्याच्यावर विसंबू नका. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाखाली नोंदणीची तरतूद आहे. तुमचा उपक्रम त्यात कसा बसतो ते पर्यटन संचालनालयाच्या विभागीय कार्यालयात विचारून लेखी उत्तर घ्या.

समुद्रापर्यंत टेम्पोत चढवून नेली तर रस्त्याचा प्रश्न मिटतो, किनाऱ्याचा मिटत नाही. पुळण ही सर्वांना मोकळी जागा आहे, म्हणजे मोटार वाहन कायदा तिथेही आहेच, त्यावर स्थानिक प्रशासनाची बंदी असेल ती वेगळी. आणि तुमच्याच तालुक्यातल्या आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. घरटं दीड फूट खोल असतं, आत शंभराच्या आसपास अंडी, उबायला ४५ ते ६० दिवस. वरून काही दिसत नाही. गाडीच्या वजनाने वाळू दबली की पिल्लांना वर येता येत नाही, आणि चाकोरीत अडकलेलं पिल्लू पाण्यापर्यंत पोचत नाही. हे कासव वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे. नोव्हेंबर ते मे या काळात तरी पुळणीवर कोणतंही चाक नको. तो काळ सोडूनही मी तुम्हाला हो म्हणणार नाही.

ई-स्कूटर आधीच घेऊन झाली असेल आणि वर सांगितल्याप्रमाणे तपासल्यावर ती जास्त शक्तीची निघाली, तर ती चालवणं आजच थांबवा. दुकानदाराला लेखी पत्र द्या: विकताना पासिंग लागत नाही असं सांगितलं, गाडी नियमात बसत नाही, पैसे परत द्या. बिल, जाहिरातीचा फोटो, व्हॉट्सअ‍ॅपवरचा संवाद आणि मोटरवरच्या आकड्यांचे फोटो जोडा. उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मग जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षांची आहे. अशी गाडी विकणाऱ्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ खाली प्रति गाडी एक लाख रुपये दंडाची तरतूद आहे, तिचा उल्लेख पत्रात जरूर करा. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा.